निवासमंडपातली प्रत्येक मेख म्हणजे ख्रिस्त का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही तपासता येईल. तुमच्या मंडळीत एका पाहुण्या उपदेशकांनी निवासमंडपावर, म्हणजे मोशेच्या काळी इस्राएलांनी रानात उभारलेल्या देवाच्या तंबूवर, उपदेशमाला घेतली. बाभळीचं लाकूड म्हणजे ख्रिस्ताचं मनुष्यपण, त्यावर मढवलेलं सोनं म्हणजे देवपण. निळा रंग स्वर्गाचा, जांभळा राजेपणाचा, किरमिजी रक्ताचा. इस्राएलाची छावणी आकाशातून पाहिली तर क्रूस दिसतो. प्रमुख याजक परमपवित्रस्थानात, म्हणजे तंबूच्या सगळ्यात आतल्या खोलीत, जाताना त्याच्या पायाला दोर बांधत, आत मेला तर ओढून काढायला. मंडळीला हे सगळं फार आवडलं. घरी तुमचा भाऊ मात्र म्हणाला की हे ओढूनताणून आहे, ज्यांचा तो तंबू त्या यहुद्यांनाच हे मान्य नाही. आणि आता संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना हाच विषय तुम्हाला शिकवायचा आहे. यातलं शास्त्रातलं किती आणि पदरचं किती?

मी बरीच वर्षं जुना करार शिकवते आहे, आणि निवासमंडपाचा धडा आला की वर्गात हीच ओढाताण होते. निवासमंडपाला प्रतीकार्थ आहे का, यावर वादच नाही. आहे, आणि नवा करार तो उघडपणे सांगतो. अडचण पुढे सुरू होते: अमुक वस्तूचा तमुक अर्थ, हे कशाच्या आधारावर म्हणायचं आणि किती ठामपणे म्हणायचं? उपदेशकांनी तीन वेगवेगळ्या प्रतीच्या गोष्टी एकाच सुरात सांगितल्या. काही मजकुरातच आहेत, काही नव्या कराराच्या लेखकांनी सांगितल्या आहेत, आणि काही नंतरच्या परंपरेनं किंवा कल्पनेनं जोडल्या आहेत. तिसऱ्या प्रकारचं सगळं टाकाऊ असतं असं नाही, पण ते पहिल्याच्या वजनानं सांगितलं की तुमच्या भावासारखा विचारी माणूस पहिल्यावरही अविश्वास दाखवतो.

तुम्ही कोणत्या मंडळीत आहात यावरही बरंच अवलंबून आहे. सुरियानी परंपरेच्या चर्चमध्ये वेदीपुढे आजही पडदा असतो आणि उपासनेत तो ओढला-उघडला जातो. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र साक्रामेंताजवळ अखंड दिवा तेवत असतो. तिथल्या मुलांच्या डोळ्यांपुढे ही प्रतीकं रोजची आहेत. साध्या भिंतींच्या प्रॉटेस्टंट मंडळीत मुलांनी यातलं काहीच पाहिलेलं नसतं, म्हणून तिथे चार्ट आणि लाकडी मॉडेलवर भर येतो आणि वस्तूंची यादीच धडा होऊन बसते. पुढचं सगळं मी तुम्ही दुसऱ्या प्रकारच्या मंडळीत आहात असं धरून लिहिते. तसं नसेल तर थोडं इकडेतिकडे करून घ्या.

वस्तूंकडे वळण्याआधी आराखडा बघू, कारण माझ्या मते खरा अर्थ आराखड्यात आहे. अंगण १०० हात लांब आणि ५० हात रुंद (निर्गम २७). हात सुमारे ४५ सेंटिमीटरचा धरला तर ४५ मीटर बाय साडेबावीस मीटर. प्रवेश फक्त पूर्वेकडून. आत शिरल्यावर होमवेदी, मग गंगाळ, मग खुद्द तंबू. फळ्यांच्या मापांवरून त्याची लांबी ३० हात आणि उंची १० हात निघते, रुंदीही साधारण तेवढीच. तंबूचे दोन भाग: पवित्रस्थानात समर्पित भाकरींचं मेज, सात दिव्यांचा दीपवृक्ष आणि धूपवेदी; अंतरपटामागे परमपवित्रस्थान, लांबी, रुंदी, उंची सारखीच, आणि त्यात फक्त कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी.

आता बाहेरून आत जाताना काय काय बदलतं ते पाहा. बाहेर पितळ, फळ्यांखाली चांदीच्या उथळ्या, आत सोनं. अंगणाच्या फाटकाच्या पडद्यावर नुसतं वेलबुट्टीचं काम. अंतरपटावर आणि तंबूच्या आतल्या कापडावर करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय पहारेकरी, विणलेले. अंगणात अर्पण घेऊन आलेला कोणीही इस्राएली येऊ शकतो, पवित्रस्थानात फक्त याजक, परमपवित्रस्थानात फक्त प्रमुख याजक, तोही वर्षातून एका दिवशी. धातू, कापड, माणसं, सगळं एकाच दिशेनं चढत जातं. हे कुणी उपदेशकानं शोधलेलं नाही, मापांतच लिहिलेलं आहे. मुलांना हे एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

मराठी मुलांना समजायला हे अवघडही नाही. सभामंडप, अंतराळ, गाभारा ही चढण त्यांनी आपल्याकडच्या देवळांत पाहिलेली असते. मी हे उदाहरण बेलाशक वापरते, पण लगेच फरकही सांगते. इथल्या गाभाऱ्यात मूर्तीच नाही. कोशाच्या झाकणावर, म्हणजे दयासनावर, दोन करूब पंख पसरून आहेत, आणि देव जिथून बोलेन म्हणतो ती जागा त्या दोघांच्या मधली, मोकळी. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या परमपवित्रस्थानात बळजबरीनं शिरला, तेव्हा आत त्याला देवाची कोणतीही प्रतिमा सापडली नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसनं ही नोंद केली आहे. (कोश तर त्याच्या कितीतरी आधी, बाबेलच्या लोकांनी इ.स.पू. ५८६ च्या सुमारास पहिलं मंदिर पाडलं तेव्हापासूनच नाही.)

त्या काळच्या माणसाला हा तंबू पाहून काय वाटलं असेल, याचा थोडा अंदाज करता येतो. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या कादेशच्या लढाईची, इ.स.पू. १२७४ च्या सुमाराची, शिल्पं अबू सिंबेलला आहेत. त्यांत राजाची लष्करी छावणी कोरलेली आहे: आयताकृती आवार, मध्ये दोन भागांचा राजाचा डेरा, आतल्या भागात राजाच्या नावाची मुद्रा आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंख पसरलेल्या आकृत्या. इस्राएलाचा तंबू त्याचीच नक्कल होती असं मी म्हणत नाही. पण त्या जगात असा डेरा दिसला की अर्थ एकच: राजा छावणीत मुक्कामाला आहे. गणना २ मध्ये वंशांचे तळ चारही बाजूंना आणि निवासमंडप मधोमध, तो याच अर्थानं. ‘देव आपल्यामध्ये राहायला आला आहे’ हे या वास्तूचं पहिलं प्रतीक, आणि बाकीची सगळी त्याच्यावर उभी आहेत.

इथेच खरा पेच आहे, आणि बहुतेक उपदेशमालांत तो निसटतो, कारण त्या निर्गम २५ ते २७ मध्येच रमतात. तुम्ही पुढे वाचा. निर्गम २५ ते ३१ मध्ये बांधणीच्या सूचना आहेत. ३२ मध्ये, मोशे डोंगरावर त्या सूचना घेत असतानाच, खाली सोन्याचं वासरू तयार होतं. ३३ मध्ये देव म्हणतो, मी तुमच्याबरोबर येणार नाही, आलो तर वाटेत तुमचा नाश होईल. म्हणजे सगळा आराखडाच धोक्यात आला. मग मोशेची विनवणी, नव्या पाट्या, आणि ३५ ते ४० मध्ये पुन्हा त्याच सूचना, जवळजवळ शब्दशः, पण आता ‘केलं’ या रूपात. हे अध्याय वाचताना लोकांना झोप येते. मला ते पुस्तकातले सगळ्यात मोठ्या मनाचे अध्याय वाटतात, कारण मधल्या घोर अपराधानंतरही पडद्याची एकही कडी कमी झालेली नाही.

शेवट तर आणखी बोलका. निर्गम ४० मध्ये मंडप उभा राहतो, परमेश्वराचं तेज तो भरून टाकतं, आणि मोशेलाच आत जाता येत नाही! पुस्तक तिथे संपतं. घर तयार आहे, देव आला आहे, आणि माणसाला दाराबाहेर थांबावं लागलं आहे. लेवीय या पुढच्या पुस्तकाच्या पहिल्या वचनात देव मोशेला दर्शनमंडपातून (हेही याच तंबूचं नाव) हाक मारतो. मग येतात अर्पणं, याजकांचा अभिषेक, आणि दहाव्या अध्यायात आपल्या मनानं विस्तव घेऊन गेलेल्या नादाब आणि अबीहू यांचा मृत्यू. त्याचा उल्लेख करूनच १६ वा अध्याय सुरू होतो, आणि तो आहे प्रायश्चित्ताचा दिवस: आत जायची वाट. पुढचं पुस्तक, गणना, उघडा. पहिल्याच वचनात परमेश्वर मोशेशी दर्शनमंडपात बोलतो. पवित्र देव जवळ राहतो तेव्हा अपवित्र माणसानं त्याच्यापाशी जायचं कसं, हा प्रश्न मंडप उभा करतो आणि लेवीय त्याचं उत्तर देतं. ख्रिस्ती धर्मविचारानं या वास्तूत ख्रिस्त पाहिला तो याच प्रश्नाच्या अनुषंगानं. बाभळीच्या लाकडाकडे पाहून नव्हे.

एदेन बागेचा धागाही इथेच गुंतलेला आहे. उत्पत्ती ३ मध्ये माणसाला बागेबाहेर घालवल्यावर पूर्वेला करूब पहाऱ्यावर बसतात. निवासमंडपाचं दार पूर्वेला, आणि अंतरपटावर करूब. प्रमुख याजक पूर्वेकडून पश्चिमेकडे, करुबांच्या पहाऱ्यातून आत जातो. म्हणजे वर्षातून एकदा एक माणूस, सगळ्यांच्या वतीनं, आदाम ज्या दिशेला गेला तिच्या उलट चालतो. मजकूर हे बोट दाखवून सांगत नाही, पण खुणा एवढ्या जवळजवळ आहेत की हे ओढूनताणून आहे असं मला वाटत नाही. मोठ्या मुलांना दोन्ही उतारे शेजारी ठेवून शोधायला लावा. त्यांना ते सापडतं.

आता नवा करार. योहान १:१४ मध्ये शब्द देही झाला, त्यानं आपल्यामध्ये वस्ती केली आणि आम्ही त्याचं गौरव पाहिलं, असं आहे. वस्ती आणि गौरव एकत्र आले की निर्गम ४० आठवायलाच हवं, आणि फरक असा की मोशे जिथे बाहेर थांबला होता तिथे योहान म्हणतो, आम्ही पाहिलं. दुसऱ्या अध्यायात येशू मंदिराविषयी बोलतो ते आपल्या शरीराविषयी, हे योहानच स्पष्ट करतो. पहिल्या तिन्ही शुभवर्तमानांत येशूच्या मरणाच्या वेळी मंदिरातला पडदा फाटतो. मत्तय आणि मार्क म्हणतात वरून खालपर्यंत. पडदा म्हणजे काय हे आराखड्यातून ज्याला समजलंय त्याला यापुढे काही समजवावं लागत नाही.

सर्वांत सविस्तर इब्री लोकांस पत्र. ८:५ म्हणतं की हा मंडप स्वर्गीय गोष्टींची प्रतिकृती आणि छाया आहे, आणि त्याला आधार म्हणून निर्गम २५:४० देतं, जिथे मोशेला डोंगरावर नमुना दाखवला आहे. ९:८ मध्ये या पत्राचा लेखक आराखड्याचाच अर्थ लावतो: पहिला मंडप उभा आहे तोवर परमपवित्रस्थानाची वाट उघडलेली नाही. १०:१९-२० मध्ये तो पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देह. १३ व्या अध्यायात तर दिशाच उलटते: पापार्पणाच्या जनावरांची शरीरं छावणीबाहेर जाळली जात, येशूनंही वेशीबाहेर दुःख सोसलं, तर आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ. आत जायची ओढ असलेलं पत्र शेवटी वाचणाऱ्याला बाहेर पाठवतं. हे मला कुठल्याही चार्टवर कधी दिसलेलं नाही.

पण याच पत्रातलं ९:५ तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतं. मेज, दीपवृक्ष, कोश, मान्न्याचं पात्र, अहरोनाची काठी असं सगळं सांगून लेखक म्हणतो की यांच्याविषयी आता एकेक करून सांगता येत नाही. त्याला सांगता आलं असतं. त्यानं तिथे थांबायचं ठरवलं आणि लगेच ‘कोण आत जातो, कधी, काय घेऊन’ या मुद्द्याकडे वळला. जिथे हा लेखक थांबला तिथून पुढे जायचं असेल तर आवाज जरा खाली आणावा, एवढा साधा नियम मी पाळते. (कोणी हुशार मुलगा विचारेल: निर्गम ३०:६ प्रमाणे धूपवेदी पडद्याच्या बाहेर आहे, मग इब्री ९:४ तिला आतल्या खोलीशी का जोडतं? प्रायश्चित्ताच्या दिवशी धूप आतच न्यायचा असे, लेवीय १६:१२-१३, म्हणून बरेच अभ्यासक हा संबंध उपयोगाचा मानतात, जागेचा नव्हे.)

शेवटचा धागा प्रकटीकरणात. २१:१६ मधल्या नव्या यरुशलेमची लांबी, रुंदी आणि उंची सारखी, प्रत्येकी १२,००० स्टेडिया (लांबीचं जुनं ग्रीक माप). एवढं उंच शहर कशाला, असं मुलं विचारतातच. शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान २० हात लांब, २० रुंद, २० उंच होतं (१ राजे ६:२०). तोच घन आता शहराएवढा झालाय, म्हणून २१:२२ म्हणतं की त्या नगरीत मंदिर नाही. सगळी नगरीच आतली खोली आहे.

आता उपदेशकांच्या एकेका विधानाकडे.

रंगांचा अर्थ मजकुरात कुठेही दिलेला नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच रंगांचा अर्थ वेगळाच सांगतो: निळा म्हणजे हवा, जांभळा म्हणजे समुद्र, कारण तो रंग समुद्रातल्या प्राण्यापासून निघतो, किरमिजी म्हणजे अग्नी, आणि तागाचं पांढरं कापड म्हणजे माती, कारण ताग मातीत उगवतो. बारा भाकरी म्हणजे बारा महिने, सात दिवे म्हणजे सात ग्रह. त्याच्या लेखी सगळा मंडप म्हणजे विश्वाची छोटी प्रतिमा, आणि अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फायलोही याच वाटेनं जातो. दोन्ही पद्धती तितक्याच सुबक बसतात, आणि म्हणूनच नुसतं सुबक बसणं हा पुरावा धरता येत नाही. एवढं मात्र खात्रीनं म्हणता येतं की हे रंग महागडे होते, राजवाड्याचे होते.

बाभळीचं लाकूड सोन्यानं मढवणं म्हणजे दोन स्वभाव, हे भक्तीच्या दृष्टीनं सुंदर आहे. पण सिनायच्या रानात बांधकामाला येईल असं झाड मुख्यतः बाभळीचंच. शिवाय होमवेदीही बाभळीची, तिच्यावर मात्र पितळ. आणि मंडपाच्या फळ्याही बाभळीच्या, त्यांवर सोनं, तरी त्याच फळ्यांना ‘विश्वासणारे’ म्हणणारेही आहेत. एकच लाकूड दर वळणावर वेगळा अर्थ द्यायला लागलं की अर्थ आपण घालतोय हे ओळखावं. असा अर्थ सांगायचाच असेल तर ‘कित्येक ख्रिस्ती लोकांनी असं मनन केलं आहे’ म्हणून सांगा. खोटं नाही ते. ३ऱ्या शतकातल्या ओरिजेनपासून ८व्या शतकातल्या इंग्लंडच्या बीडपर्यंत मोठमोठ्या लोकांनी मंडपाचा एकेक भाग मंडळीला आणि आत्म्याला लावून दाखवला. आज आपण जी पद्धत ऐकतो, चार्टसकट, तिला १९व्या शतकातल्या ब्रदरेन या प्रॉटेस्टंट पंथाच्या शिक्षकांनी फार लोकप्रिय केलं.

चांदी म्हणजे खंडणी, मुक्तीची किंमत, असंही त्यांनी सांगितलं असेल. ते मात्र पक्कं आहे! निर्गम ३० मध्ये प्रत्येक माणसानं आपल्या जिवाबद्दल अर्धा शेकेल द्यायचा, श्रीमंतानं जास्त नाही, गरिबानं कमी नाही. निर्गम ३८ मध्ये हिशेब आहे: ६,०३,५५० पुरुष, आणि त्यांच्याच चांदीतून १०० किक्कार (वजनाचं जुनं माप) घेऊन उथळ्या ओतल्या. मंडप अक्षरशः या खंडणीवर उभा आहे. त्याच अध्यायात गंगाळाची गोष्ट आहे: ते दारापाशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांच्या पितळेचं. यावर उपदेश ऐकलाय तुम्ही? मीही क्वचितच. उगाच रंगांत शिरण्यापेक्षा मुलींच्या वर्गाला हे वाचून दाखवा.

छावणीचा क्रूस. गणना २ मध्ये पूर्वेला १,८६,४००, दक्षिणेला १,५१,४५०, पश्चिमेला १,०८,१००, उत्तरेला १,५७,६०० असे आकडे आहेत. उत्तर-दक्षिण साधारण सारखे, पूर्वेचा हात लांब, म्हणून क्रूस. पण हा आकार येण्यासाठी प्रत्येक तळ मंडपाएवढ्याच रुंदीच्या पट्ट्यात सरळ रेषेत लागायला हवा, आणि तसं कुठे लिहिलेलं नाही. लाखो माणसं आणि जनावरं अशी एका चिंचोळ्या रांगेत का बसतील? आतल्या वस्तू जोडून होणाऱ्या क्रुसाचंही तेच. मेज उत्तरेला आणि दीपवृक्ष दक्षिणेला हे खरं आहे, बाकीच्या वस्तू मधल्या रेषेत येतात, म्हणून आकृती जुळते. नव्या करारातल्या एकाही लेखकानं तिचा उपयोग केलेला नाही. हे दोन्ही मी शिकवत नाही.

पायाचा दोर तर सरळ सोडून द्या. बायबलमध्ये नाही, जोसेफसमध्ये नाही, तालमूद या यहुदी धर्मग्रंथात नाही. ती गोष्ट १३व्या शतकात स्पेनमध्ये पुढे आलेल्या झोहर या यहुदी गूढग्रंथात येते, मंदिर पडल्यावर हजारहून जास्त वर्षांनी. त्याला जोडून ‘घुंगरांचा आवाज थांबला की बाहेरच्यांना कळे’ असंही सांगतात. घुंगरं निर्गम २८ मधल्या निळ्या झग्याला आहेत, आणि लेवीय १६:४ प्रमाणे त्या दिवशी प्रमुख याजक तो भरजरी पोशाख उतरवून साधी तागाची वस्त्रं घालून आत जातो. हे मुलांना सांगाच: सगळ्यात मोठ्या दिवशी, सगळ्यात आतल्या खोलीत तो सोनं न घालता जातो. दोराच्या गोष्टीपेक्षा हे किती भारी आहे.

मंदिराचा पडदा वीतभर जाड होता, घोडे लावूनही फाटला नसता, असं सांगतात, त्याचीही अशीच गत. तो वीतभर नाही, पण चार बोटं जाड होता हे मिश्नात, म्हणजे सुमारे इ.स. २०० च्या यहुदी संग्रहात आहे. तो धुवायला ३०० याजक लागत हेही तिथलंच, पण त्याला तालमूदच अतिशयोक्ती म्हणतो. घोडे लावूनही फाटला नसता, हे तिथे नाही.

तुमच्या भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ख्रिस्ताकडे नेणारा अर्थ यहुद्यांना मान्य नाही, हे खरंच. पण प्रतीकं पाहणं हा ख्रिस्ती लोकांचा शोध नव्हे, जोसेफस आणि फायलो वर आलेच आहेत. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळल्यावर यहुदी परंपरेनं प्रार्थना, शास्त्राध्ययन आणि घरातलं जेवणाचं मेज यांत मंदिराचा अर्थ पुढे नेला. म्हणून वर्गात ‘त्यांना कळलंच नाही’ असा सूर लावू नका. इब्री पत्र ज्याला छाया म्हणतं ती देवानंच दिलेली आहे, हे त्या पत्रालाही मान्य आहे. तुम्ही मुंबई, पुणे किंवा अलिबागच्या जवळपास असाल तर रीतसर परवानगी घेऊन मुलांना सिनेगॉग दाखवा: मशीद बंदराजवळचं बेने इस्राएल समाजाचं १७९६ सालचं शार हरहमीम किंवा पुण्याच्या कॅम्पातलं १८६७ चं ओहेल डेव्हिड, आपलं लाल देऊळ. यरुशलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, तोराच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, त्यापुढे पडदा, वर तेवणारा दिवा. कोश, अंतरपट आणि दीपवृक्ष यांची आठवण तिथे वेगळ्या वाटेनं जिवंत आहे, आणि शार हरहमीममध्ये तर कोकणात एके काळी तेल गाळून पोट भरणाऱ्या शनवार तेल्यांच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या, समाजात.

भिंतीबद्दल एक गोष्ट राहिली, आणि मोठ्या मुलांना ती हमखास पकडते. हेरोदाच्या मंदिरात परराष्ट्रीयांनी ओलांडू नये म्हणून कठडा होता. त्यावरचा ग्रीक इशारा कोरलेला दगड १८७१ मध्ये सापडला, तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे: आत सापडेल तो आपल्या मरणाला आपणच जबाबदार. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये पौलावर आळ येतो तो नेमका हाच, की त्यानं इफिसच्या त्रफिमाला आत नेलं. मग इफिस २ मधली पाडलेली आडभिंत वाचा, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी माणसंच रचून होणारं मंदिर. वास्तूचा अर्थ इथे माणसांवर येतो, आणि आपल्या मंडळीत कोण कुठे बसतं, कोणाला पुढे येऊ देतात, हा विषय मुलं आपणच काढतात.

वर्गाचं म्हणाल तर चार भेटी धरा. पहिल्या भेटीत अंगणाचं माप मैदानात चुन्यानं आखा आणि कोण कुठवर जाऊ शकतं ते मुलांना उभं राहून कळू द्या. दुसऱ्या भेटीत वासराची गोष्ट आणि निर्गम ४०, तिसऱ्या भेटीत लेवीय १६, चौथ्या भेटीत फाटलेला पडदा, इब्री १० आणि प्रकटीकरण २१. रंग आणि लाकूड कुणी विचारलं तरच. उपदेशकांचा चार्ट असेल तर फेकू नका, माप आणि जागा दाखवायला तो चांगला आहे. फक्त कडेला छापलेल्या अर्थांवर कागद चिकटवा आणि मुलांनी शोधलेले अर्थ, वचनासकट, त्यावर लिहू द्या. ज्याला वचन सापडणार नाही तो रकाना कोरा राहील.